सुगंधा भांडत नाही

माझी धाकटी जाऊ सुगंधा भाईंदरच्या मासळी बाजारात माझ्या शेजारीच पाटी मांडते. तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. एकदा एक गिऱ्हाईक पापलेट दाबदाबून बघत होतं, तर "घेताय काय सोयरीक जुळवताय?" म्हणून तिनं अख्खा बाजार हसवला होता.

गणपतीनंतर ती हळूहळू गप्प झाली. आधी केसातली अबोलीची वेणी सुटली, मग गिऱ्हाइकाला हाक मारणं सुटलं. डब्यातली भाकरी तशीच घरी जायला लागली. कोयता हातात धरून समोर बघत बसायची, मासा अर्धा कापलेला, गिऱ्हाईक खोळंबलेलं. बाजार मात्र खूश. "सुगंधा सुधारली," म्हणत बायका मागतील त्या भावात मासळी न्यायच्या. माझं डोकं असं फिरायचं!

तिच्या नवऱ्याला, काशीनाथला, मी म्हटलं, "भावजी, हिला डॉक्टरला दाखवा. ही आपली सुगंधा न्हाय."

"काय हाय तिला, वैनी? ताप न्हाय, खोकला न्हाय. आता घरात भांडत पन न्हाय."

माणूस वाईट नाही हो. पण इतकी वर्षं बोलणी खाल्ल्यावर त्याला ही शांतता सुखाचीच वाटणार. सासूबाईंनी दृष्ट काढली. शेवटी मीच तिला दवाखान्यात नेलं. झोप लागते का, जेवण जातं का, डॉक्टर विचारत होते आणि ही आपली सगळ्याला "बरा हाय". रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन आम्ही परत आलो.

परवा एका बाईनं तिचं पापलेट उचललं. कल्ला लालभडक, तरी नाक मुरडलं. "ये तो बासी है."

कोळणीच्या ताज्या मासळीला शिळी म्हणायचं म्हणजे तिच्या आईवरून बोलायचं. आता तरी उसळेल म्हणून मी सुगंधाकडे बघितलं.

"असंल," ती म्हणाली.

मग मीच त्या बाईवर तुटून पडले. पलीकडचा बर्फवाला उठून आला, एवढी ओरडले. बाई गेल्यावर सुगंधाचा हात धरला. "मला एक शिवी घाल गं. पाया पडते तुझ्या, एकच घाल."

"तुला कशाला, बाय? तुझा काय चुकला?" ती हळू म्हणाली. "चुकी सगली माझीच हाय."

कसली चुकी, मी विचारलं. तिला सांगता येईना. मी आपली तिचा हात धरून बसले, आणि लोक तिचं ताजं पापलेट शिळ्याच्या भावात नेत राहिले.