बांधावरची एकदांडी

प्लेटमध्ये वर्तुळ दिसलं तेव्हा मी ओरडले नाही. प्रयोगशाळेत ओरडायचं नसतं, एवढंच मला माहीत होतं. मी फक्त शेजारी उभ्या प्रोजेक्टमधल्या जोडीदाराच्या ॲप्रनची बाही धरून ओढली.

"बाही फाडशील," तो म्हणाला. मग त्यानेही पाहिलं आणि प्लेट उजेडाकडे धरली.

काचेच्या प्लेटमधल्या जेलीवर आम्ही जखमेत पू करणारे जिवाणू वाढवले होते आणि मधल्या बारीक खड्ड्यात एकदांडीच्या पानांचा अर्क घातला होता. खड्ड्याभोवती रुपयाच्या नाण्याहून मोठी जागा स्वच्छ राहिली होती. तिथे जिवाणू वाढलेच नव्हते.

नाशिकला बी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होते मी. साल दोन हजारच्या आसपासचं. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे वर्गात काही सुचवायचं म्हणजे जीभ जड व्हायची. प्रोजेक्टसाठी वनस्पती सुचवा, असं सर म्हणाले तेव्हा मी वहीच्या कोपऱ्यात 'एकदांडी' लिहिलं आणि वही पुढे सरकवली. आमच्या दिंडोरीकडच्या गावात विळा लागला की बायका एकदांडीचा पाला चुरगळून जखमेवर दाबतात. उंच दांडी, टोकाला एकच बारीक पिवळं-पांढरं फूल. सर म्हणाले, "करा." जोडीदार सिन्नरचा. सोबत नर्सिंग कॉलेजची एक मुलगी, कारण निकाल गावात जाऊन समजावून सांगणं हाही प्रोजेक्टचा भाग होता.

ते वर्तुळ पाहून सर म्हणाले, "हे पुण्याच्या विद्यार्थी परिषदेला पाठवू. सादर तू करायचंस."

मी पुणे पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात मी चालत नव्हते, जवळजवळ पळतच होते.

रविवारी आम्ही तिघं माझ्या गावी गेलो. मंदिरापुढच्या ओट्यावर बायका जमल्या. नर्सिंगच्या मुलीने पोस्टर लावलं: आधी जखम साबणाने धुवा, मग दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. खाली एकदांडीचं चित्र. मी प्लेटचा फोटो दाखवला आणि म्हटलं, ही पानं माझ्या आईनेच आणून दिली.

सगळ्यांनी वळून आईकडे पाहिलं. ती दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत कामाला जायची. तिला बोलावंच लागलं.

"चांगला पाला म्या शेळीला ठेवला," ती म्हणाली. "बागेच्या बांधावरचा लय होता, पण त्याच्यावर मोरचूद-चुन्याचं औषध मारलेलं. शेळीला चालत नाय. म्हटलं, कॉलेजाला चालंल."

बायका हसल्या. एक म्हणाली, "शेळी शिकल्याली दिसती तुझी."

मी हसले नाही. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, जिवाणू मारतं, हे आम्हाला दुसऱ्याच वर्षी शिकवलेलं. ते वर्तुळ पाल्याचं नसेलही, फवारणीचं असेल. आई मला विचारत राहिली, "काय झालं गं? चुकलं का काही?" मी नकारार्थी मान हलवली.

परतीच्या एसटीत जोडीदार खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सरांना हे माहीत नाही."

"हो."

"आणि पुण्याला तू जाणार आहेस."

"हो."

नर्सिंगची मुलगी पोस्टरची गुंडाळी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मी त्या बायकांना पाला दाखवून आलेय. त्या बांधावरचाच लावतील."

सोमवारी सकाळी सरांच्या केबिनबाहेर मी बराच वेळ उभी राहिले, मग आत जाऊन एका दमात सांगितलं. सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं.

"मग आता एका प्लेटमध्ये चार खड्डे करा," ते म्हणाले. "स्वच्छ पाला, फवारलेला पाला, नुसतं मोरचूद-चुन्याचं पाणी आणि साधं पाणी. पुण्याला पाठवायला पंधरा दिवस आहेत."

आईला निरोप पोचला. दुसऱ्याच दिवशी ती पहिल्या एसटीने स्वतः आली, फडक्यात पाला बांधून. कॉलेजच्या फाटकातून आत यायला लाजत होती. "शेळीचाच हाय," म्हणाली. "तिला म्हटलं, आज कडबा खा."

पानं सावलीत वाळवली, अर्क काढला, प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी दार मी उघडलं, प्लेट जोडीदाराने बाहेर काढली. साध्या पाण्याभोवती काही नाही. मोरचुदाभोवती मोठं वर्तुळ. फवारलेल्या पाल्याभोवती तसंच मोठं. आणि स्वच्छ पाल्याभोवती शर्टाच्या बटणाएवढं, पण वर्तुळ होतं. त्याची कडसुद्धा नीट दिसत होती.

मी बाही धरली नाही. मी चक्क ओरडले. पलीकडच्या टेबलावरच्या मुलींनी मान वर केली आणि सर दारात येऊन उभे राहिले.

नर्सिंगच्या मुलीने पोस्टरवर लाल अक्षरांत एक ओळ वाढवली: औषध मारलेल्या शेतातला पाला जखमेला लावू नका. पुढच्या रविवारी ते घेऊन आम्ही पुन्हा त्याच ओट्यावर गेलो. या वेळी बोलली आई.

पुण्याला मी दोन्ही फोटो दाखवले, आधी चुकीचा, मग बरोबर. घरी आल्यावर आईने पहिलं विचारलं, "माझं बांधावरचं सांगितलं व्हय तिथं?"

"सांगितलं."

"मग? हसले?"

"नाही. लिहून घेतलं."

"लिहून घेतलं," ती स्वतःशीच म्हणाली. मग शेळीला पाणी दाखवायला उठली.