पहिला बिल्ला वीरप्पाचा

सास्तुरात मकबूलमामाला कुणी भेकड म्हणतं, कुणी दगाबाज. कोळशाच्या खाणीतनं पेन्शनीत आलेला माणूस, दोन खोल्यांचं घर, दारात शेवगा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशाला दगाबाज म्हणायचं म्हणजे जिभेला हाड नसल्याचं काम. पण लोकांचं तरी काय चुकलं? त्यानं चार माणसांत स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. आता त्याची गोष्ट ऐकायची असंल तर सगळी ऐका. अर्धी ऐकून उठणाऱ्यांनीच गावात घाण केलीय.

भूकंपात जुनं सास्तूर भुईला मिळालं तेव्हा मकबूल तिशीतला होता. शेजारच्या वीरप्पाला त्यानंच ढिगाऱ्याखालनं ओढून काढलं. गावात काम न्हाई, घर न्हाई. मकबूलचा एक मामा चांद्याकडं कोळशाच्या खाणीत होता, त्याच्या वशिल्यानं दोघं तिकडं गेले. आधी ठेकेदाराकडं राबले, मग कायम झाले. वीरप्पाची आई म्हणायची, दगडाखालनं वाचलेल्यानं जमिनीखालचं काम धरू नये. वीरप्पा हसायचा. म्हणायचा, "आव्वा, एकदा डोक्यावर पडलं की परत पडत न्हाय."

पुढं वीरप्पाचं शिवकांताशी लग्न झालं. ती लेकीला घेऊन सास्तुरातच राहिली, नव्या वसाहतीत मकबूलच्या घराला लागून. वीरप्पा सुट्टीला यायचा. फोनवर पीकपाण्याचं, पोरीच्या शाळेचं बोलायचा, खाणीचं अवाक्षर काढायचा न्हाई. खालचं वर आणायचं नसतं, असं त्याचं म्हणणं.

आता बिल्ल्याचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यापायी झालं. खाणीत उतरणाऱ्या हरेक माणसाला पितळेचा बिल्ला असतो, त्यावर त्याचा नंबर ठोकलेला. उतरायच्या आधी दिव्याच्या खोलीत बिल्ला द्यायचा आणि डोक्याचा दिवा घ्यायचा. बिल्ला खुंटीला लागतो. वर आलं की दिवा द्यायचा, बिल्ला घ्यायचा. पाळी सुटल्यावर खुंटीला एखादा बिल्ला दिसला की समजायचं, तो गडी अजून खाली आहे. मग माणसं शोधायला उतरतात. म्हणून दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी शिवत न्हाई. तिथली माणसं दारू पिऊन एकमेकांची टाळकी फोडतील, पण दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावणाऱ्याला पाण्याचा घोट द्यायचे न्हाईत.

खाणीत युनियन होती आणि युनियनीवर रणधीरबाबू होता. एकोणीस वर्षं. दर खेपेला गेटवर सभा घ्यायचा, विचारायचा, मी नको असंल तर हात वर करा. कोण करतोय? समोर त्याची माणसं उभी, मागं साहेब लोकांच्या गाड्या. सुरक्षा समितीवर त्यानं बसवलेल्यांनी कैक वर्षांत खाण आतनं बघितली नव्हती. छताला टेकू कमी पडतात म्हणून सांगायला गेलं की चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. असाच एक दिवस छताचा तुकडा सुटला आणि मकबूलच्या पाळीतल्या एकाचा पाय गुडघ्यातनं गेला. मकबूल तसा गरीब गाय, पण त्या दिवशी त्याचं डोकं फिरलं ते फिरलंच.

त्यानं आणि वीरप्पानं पन्नासेक माणसं गोळा केली. युनियन मोडायची न्हाई, ती आपलीच आहे, ती नीट करायची, एवढंच त्यांचं म्हणणं. हात वर करणं बंद करा, गुप्त मत घ्या. सुरक्षेचा माणूस जो खाली उतरतो त्यालाच नेमा. रणधीरबाबूनं भर सभेत टर उडवली, "चिठ्ठ्या काय रे, चार पोती मीपण छापून आणतो."

तेव्हा मकबूल उठून म्हणाला, "मग बिल्ल्यानं करू. बिल्ला कोण छापील?"

लोकांनी टाळ्या पिटल्या. मकबूलला जन्मात कुणी टाळी दिली नव्हती. त्या टाळ्यांनीच घात केला म्हणा.

दोन हजार एकोणीस सालचा एक रविवार. खाणीच्या वसाहतीतल्या लिंबाखाली तेलाचे दोन रिकामे डबे मांडले. लाल फडकं बांधलेला डबा जुन्या रीतीचा, पांढऱ्याचा नव्या. माणसं जमली, पण पुढं कुणी सरकंना. एकमेकाच्या तोंडाकडं बघत उभी. तेवढ्यात वीरप्पा गर्दीतनं निघाला, पांढऱ्या फडक्याच्या डब्यात बिल्ला टाकला आणि म्हणाला, "घ्या, माझा पयला. आता लाजू नगा." माणसं हसली आणि रांग लागली. दुपारपर्यंत त्या डब्यात तीनशे एक्केचाळीस बिल्ले झाले, लाल फडक्याच्यात शंभरही न्हाईत.

इथवर झकास झालं. पण पाळीची वेळ झाली, आणि बिल्ल्याशिवाय माणूस खाली उतरणार कसा? ज्याचा बिल्ला त्याच्या हातात गेला पाहिजे, हे या माणसांच्या हाडात मुरलेलं. मग पांढऱ्या फडक्याचा डबा सतरंजीवर उपडा केला, आणि मकबूल खड्या आवाजात एकेक नंबर पुकारायला लागला. ज्याचा नंबर तो पुढं यायचा, बिल्ला घ्यायचा, छाती काढून जायचा. सकाळी फिरकले नव्हते ते रणधीरबाबूचे दोघं आता मोबाईल धरून उभे होते. ते काय टिपतायत, हे कुणाच्या टाळक्यात आलं न्हाई. अरे, मत गुप्त पाहिजे म्हणून तर एवढा आटापिटा चालला होता. पण शहाणीसुरती, खाणीत केस पांढरे झालेली माणसं, एकाच्याही ध्यानात आलं न्हाई. मकबूल तर त्या दिवशी घसा बसेपर्यंत पुकारत होता.

रणधीरबाबूनं ते मतदान मानलंच न्हाई, उलट दोन महिन्यांत तेवीस बदल्या निघाल्या. वीरप्पाची बदली पार लांबच्या जुन्या खाणीत झाली. तिथं छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब काढत मागं सरकायचं काम. खांब काढला की छत बसतं, पण कधी बसंल ते कुणी सांगू शकत न्हाई. चौथ्या महिन्यात पाळी सुटली आणि वीरप्पाचा बिल्ला खुंटीलाच राहिला.

मकबूल त्याला सास्तुराला घेऊन आला. माती झाल्यावर शिवकांतासमोर बसला, तेव्हा बोलायला त्याच्याजवळ एकच गोष्ट होती. "वहिनी, कुणाची हिंमत होत नव्हती. पयला बिल्ला वीरप्पानं टाकला. साडेचारशे माणसांत पयला." शिवकांता तोवर रडलीसुद्धा नव्हती, ती तेव्हा रडली. पुढं ती त्याच एका वाक्यावर जगली म्हणा ना. सोयाबीन काढायला रोजानं जायची, पण कुणी बिचारी म्हटलं की मान ताठ करून सांगायची, "आमच्यांचा बिल्ला पयला होता." आल्यागेल्या पाहुण्याला सांगायची. लेकीला, अर्पिताला, तर इतक्यांदा सांगितलं की ती हसायची, "आई, पाठ झालं."

बदली झालेल्या बाकीच्या बावीस जणांनी कामगार कोर्टात तक्रार केली, नेत्यानं सूड म्हणून बदल्या करवल्या म्हणून. सगळ्यात वर शिवकांताची सही. मेलेल्या माणसाच्या बायकोची सही म्हणजे सगळा जोर तिथंच. दोन वर्षांत मकबूल साठीचा होऊन गावी आला, तारखांना मात्र जात राहिला.

इकडं अर्पितानं उमरग्याला आयटीआय केलं होतं. बापाच्या जागी तिला खाणीत नोकरी मिळायची होती, कायद्यानं हक्काची. पण युनियनीची शिफारस लागायची, आणि फाईल जागची हलंना. मुदत संपायला महिना राहिला तेव्हा एक दिवस सकाळच्या एसटीनं धुळाप्पा आला. हा आपल्याच भागातला, रणधीरबाबूच्या हाताखाली सचिव. शिवकांताच्या घरात बसला, मकबूललाही बोलावून घेतलं आणि पिशवीतनं कागद काढला.

कागदात लिहिलं होतं: माझे पती वीरप्पा यांनी बिल्ला स्वतः टाकला नाही. ते खाली खाणीत असताना मकबूल यांनी तो त्यांच्या नकळत खुंटीवरून काढून डब्यात टाकला. सबब माझी तक्रार मी मागे घेत आहे.

"हितं सही करा वहिनी," धुळाप्पा म्हणाला. "पंधरा दिवसांत पोरीची ऑर्डर घिऊन येतो. न्हाय केली तर माझ्या हातात काय न्हाय." तो वर बघून बोलत नव्हता. त्याला ठाऊक होतं, त्या रविवारी तोही लिंबाखाली उभा होता.

शिवकांतानं कागद दोनदा वाचला आणि परत दिला. "खोट्यावर म्या सही करणार न्हाय. माझ्या माणसानं आपल्या हातानं टाकला, पयला. हे मकबूलभाऊ बसलेत, इचारा त्यांना. पोरगी सोयाबीन काढील माझ्यासंगं, पण बापाला खोटं पाडून नोकरी नको तिला."

अर्पिता दाराला टेकून उभी होती. ती नुसती खाली बघत राहिली. मकबूलनं तिच्याकडं बघितलं. वीरप्पा दर सुट्टीला म्हणायचा, माझ्या पोरीला उन्हात राबू देणार न्हाय. त्याला ते आठवलं, दुसरं काही आठवलं न्हाई.

"वहिनी," मकबूल म्हणाला, "कागदात लिवलंय ते खरं हाय."

"काय खरं हाय?"

"बिल्ला म्याच काढला खुंटीवरनं. त्याला म्हाईत नव्हतं."

"आन् तुमी मला सांगितलेलं?"

"ते तुमाला बरं वाटावं म्हणून. तुमी रडत नव्हता, मला भ्या वाटलं."

धुळाप्पा खिडकीतनं बाहेर बघायला लागला. शिवकांता बराच वेळ मकबूलकडं बघत बसली. काय शोधत होती देव जाणे. त्याचा ओठ थरथरला असता तरी तिनं ओळखलं असतं, इतकी वर्षं शेजारी काढलेली. पण त्यानं दात आवळून धरले. मग तिनं पेन घेतलं, सही केली, कागद सरकवला.

"म्हंजे तुमीच मारलं त्यांना," ती म्हणाली. ओरडली न्हाई, शिवी दिली न्हाई. "उठा आता. परत ह्या दारात येऊ नगा."

घरी बायकोनं, अनिसानं, विचारलं, असं का बोललात. हा म्हणाला, पोरीचं काम झालं ना. अनिसानं पदर तोंडाशी धरला आणि चुलीकडं गेली. त्या ईदला तिनं शीरखुर्म्याचा डबा नेहमीसारखा शिवकांताकडं धाडला. तो तसाच, झाकणही न उघडता परत आला. दोन घरांमधली ये-जा तेव्हा तुटली ती तुटली.

तक्रार बारगळली. बावीस जणांचे फोन आले. कुणी थुंकतो म्हणालं, कुणी विचारलं, कितीला विकलास. बिल्ला चोरणारा, याहून मोठी शिवी खाणीत न्हाई; ती ज्यांच्या बरोबर तो पाव शतक खाली उतरला त्यांनी घातली. सगळ्यांनी बघितलं होतं वीरप्पाला पुढं येताना. पण कागदावर बायकोची सही आणि मकबूलचा कबुलीजबाब, त्यापुढं कुणाचं चालणार? रणधीरबाबू आजही खुर्चीवर आहे.

अर्पिता खाणीच्या कचेरीत लागली. तीन महिन्यांनी तिचा मकबूलला फोन आला. "चाचा, इथं सगळी जुनी माणसं सांगतात, अप्पाच पयले होते म्हणून."

मकबूल फोन घेऊन आतल्या खोलीत गेला, दार ओढून घेतलं.

"तुमी माझ्यासाठी बोललात ना तसं?"

"आईला ह्यातलं काय सांगू नको," तो म्हणाला. "तिला कळलं तर ती गप बसायची न्हाय, उद्या कचेरीत जाऊन उभी राहील. कागद खोटा ठरला तर तुझी नोकरी जाईल बेटा. तुला अप्पाची आण हाय."

पोरगी फोनवर रडत राहिली. बापाची आण, मोडणार कशी. तिनं आजवर आईला सांगितलं न्हाई. दर महिन्याला गावी येते, आईजवळ बसते, आणि मकबूलच्या दारावरनं जाताना पावलं अडखळतात तिची.

लोक भेकड म्हणतात ते मकबूल सोसतो. शिवकांता तोंड फिरवते तेही सोसतो. त्यानं तेवढं धरलंच होतं. आपल्यावर सगळं येईल, पोरगी सुटंल, एवढाच हिशेब त्यानं त्या दिवशी केला. दुसऱ्या कुणाचं काय जाईल, हे भल्या माणसाच्या मनातसुद्धा आलं न्हाई.

परवाची गोष्ट. पिठाच्या गिरणीत चार बाया बसल्या होत्या, त्यांत शिवकांता. मकबूल ज्वारीचा डबा घेऊन मागं उभा. गावात नवी लग्न होऊन आलेली एक पोर कौतुकानं म्हणाली, "मावशी, तुमचं मालक लई धाडसाचं होतं म्हनं. खाणीत पुढाऱ्याच्या इरुद्ध पयलं उभं ऱ्हायलं म्हनं."

"कुठलं धाडस बाई," शिवकांता म्हणाली. डब्यातला एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला. "साधा माणूस. दुसऱ्यानं वढलं तिकडं जायाचा. आपल्या मनानं काय केलं न्हाय कधी. मेला तो बी दुसऱ्याच्या पायी, उगं."

मकबूलला गिरणीच्या आवाजातसुद्धा शब्द न् शब्द ऐकू आला. माझा पयला म्हणत हसत गर्दीतनं निघालेला वीरप्पा त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला, आणि तो आता साऱ्या गावात फक्त त्याच्याच डोळ्यांपुढं उभा राहणार होता. त्यानं तोंड उघडलं. शिवकांतानं मागं वळून बघितलं, त्याला ओळखलं, आणि डबा उचलून भिंतीकडं सरकून बसली.

"मामा, ज्वारी बारीक दळायची का जाड?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"बारीक," मकबूल म्हणाला.