बाबांचा तळवा आणि माझं पत्रक

डॉक्टरांनी धागा टेकवलाच नव्हता, तरी बाबा म्हणाले, "हव."

रायपूरच्या सरकारी दवाखान्यातली ती सकाळ. बाबा टेबलावर आडवे, डोळे मिटलेले, उजवा पाय उघडा. डॉक्टरांच्या हातात पेनासारखी दांडी आणि तिच्या टोकाला नायलॉनचा जाड धागा. याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो तळव्यावर टेकवून किंचित दाबतात आणि रुग्णाने डोळे मिटून, कळलं की हो म्हणायचं. "काकाजी, जब लगे तब बोलना," डॉक्टर म्हणाले होते. बाबा ठरावीक वेळाने बोलत राहिले. हव. हव. हव. धागा हवेत होता.

मग डॉक्टरांनी अंगठ्याखालची जखम चिमट्याने दाबली. पू बाहेर आला. ओरडायला हवं होतं त्या एका जागी बाबा गप्प राहिले, पुढच्या धाग्याची वाट पाहत.

"न्यूरोपॅथी है," डॉक्टर मला म्हणाले. म्हणजे वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा मेल्या आहेत, पाय आहे पण त्याची खबर डोक्यापर्यंत जात नाही. "इन्फेक्शन हड्डी तक गया होगा तो अंगूठा जाएगा. ऊपर चढ़ा तो पैर."

ज्यांच्या घरात साखरेचा रुग्ण आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. त्यातही, आपण त्याची फार चांगली काळजी घेतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी.

मी पत्रकांच्या घरात वाढले. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी भंडाऱ्याहून इकडे आले, तेव्हा ट्रंकेत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती असं आई सांगते. जयंतीच्या आधी आमच्या घरी रात्रीचं जेवण उरकून सगळे पत्रकांच्या घड्या घालत. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. कागदावर खरं लिहिलं आणि लोकांत वाटलं की जग बदलतं, यावर माझा विश्वास होता. अजूनही आहे.

तीन वर्षांपूर्वी बाबांना साखर निघाली. ते सिलतऱ्याला एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात भट्टीवर ठेक्याने काम करायचे. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, तिकडे धुराड्यांवर धुराडी उभी राहिली. ठेकेदार वर्षाला एक जोडी बूट देतो. तळ वितळला तर आपला आपण बघायचा.

मी कामाला लागले. ग्लुकोमीटर आणला. भिंतीवर तक्ता लावला. दर रविवारी सकाळी वंदना झाली की सगळ्यांसमोर बाबांच्या बोटाला सुई टोचायची आणि आकडा मोठ्याने वाचायचा. जास्त असेल तर लाल पेन, बरा असेल तर निळं. पहिले दोन महिने लालच लाल. मी बोलायची, आणि मी बोलते तेव्हा सभेत बोलल्यासारखी बोलते. मग रविवार निळे होऊ लागले. एकामागून एक, सगळे निळे.

मी पत्रक काढलं. तात्यापाऱ्यातल्या प्रेसमध्ये छापून आमच्या पाऱ्यात म्हणजे मोहल्ल्यात, विहारात, कारखान्याच्या बसथांब्यावर वाटलं. मथळा होता, 'साखरेला हरवता येतं'. खाली बाबांचं नाव आणि बारा निळ्या रविवारांचे आकडे. लोक बाबांना थांबवून विचारत. बाबा मान हलवत. मला ती मान अभिमानाची वाटली.

दवाखान्यात पहिल्या संध्याकाळी डॉक्टरांनी पेनाने बाबांच्या पावलावर एक रेघ काढली, घोट्याच्या खाली, लालसर सूज जिथे संपत होती तिथे. "ये लाइन के ऊपर लाली गई तो तुरंत बताना," ते म्हणाले.

रात्रभर सलाइनमधून अँटिबायोटिक चालू होतं. सकाळी लाली रेघेच्या दोन बोटं वर होती.

त्याच दिवशी एचबीए-वन-सीचा रिपोर्ट आला. या तपासणीत मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. आदल्या दिवशी काय खाल्लं, उपाशी राहिलात का, याने तिला फरक पडत नाही. आकडा अकराच्या वर होता. सातच्या आसपास हवा.

मी रिपोर्ट घेऊन व्हरांड्यात आले. म्हटलं, दुसऱ्याचा असेल, आपले रविवार तर निळे आहेत. आई बाकावर बसून संत्रं सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"शनिवारी दुपारपासून जेवत नव्हते ते," ती म्हणाली. "डबा तसाच परत यायचा. अन् गोळ्या दोन-दोन खायचे."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुह्या भेवानं. अन् पत्रक निघाल्यावर तं सांगताच येईना. सारा पारा वाचून राहिला होता."

एका रविवारी ते घामाने डबडबले होते आणि हात थरथरत होते, ते मला तेव्हा आठवलं. त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, साखर एकदम खाली जाणं. त्यात माणूस बेशुद्ध होऊ शकतो, मरू शकतो. मी त्या दिवशी पंखा वाढवला होता आणि निळं पेन उचललं होतं.

जखमेचं तर आईलाही माहीत नव्हतं. भट्टीजवळ लोखंडाची एक गरम गोटी बुटात गेली आणि पाळी संपेपर्यंत तिथेच राहिली. बाबांना कळलं नाही. बूट काढल्यावर सोबतचे म्हणाले, "भैया, आपके पाँव तो लोहे के हो गए." भट्टीवर चटका न लागणं हे जुन्या, मुरलेल्या माणसाचं लक्षण मानतात. बाबांनाही ते खरं वाटलं. तीन आठवडे ते मोजे घालून झोपले.

तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या चार बोटं वर होती. डॉक्टरांनी नवी रेघ काढली, पोटरीवर. एक्स-रेमध्ये अंगठ्याचं हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं. पायात रक्त पोचतं की नाही हे पाहणाऱ्या डॉपलरच्या खोलीबाहेर आम्ही साडेचार तास बसलो. आत जाऊन आलेली एक बाई परत बाकावर येऊन बसली. बाबा तिच्या पायांकडे पाहत होते.

त्या वॉर्डात एक शिकवणाऱ्या सिस्टर होत्या. सगळे त्यांना दीदी म्हणत. दुपारी त्या साखरेच्या रुग्णांना गोल बसवायच्या, चाकाच्या खुर्चीवरच्यांनाही. मला वाटलं, आता पथ्याची यादी येणार. त्यांनी विचारलं, "सच बताना, डर किससे लगता है? शक्कर से, कि घरवालों से?"

"घरवाली से," एक म्हातारा म्हणाला. "शक्कर तो मीठी है." सगळे हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "इतवार से," ते म्हणाले.

दीदींनी नंतर माझं पत्रक मागून वाचलं. "बेटा, लिखती अच्छा हो," त्या म्हणाल्या. "पर इसमें पाँव का एक शब्द नहीं है." मी घेऊन पाहिलं. खरंच नव्हतं. दोन्ही बाजू भरून मी लिहिलं होतं, काय खाऊ नका, कशाला बळी पडू नका, निश्चय कसा करायचा. तळवा रोज बघा, हे नव्हतं. चुकलात तर सांगा, हे तर नव्हतंच.

चौथ्या दिवशी अंगठा काढला.

पाय वाचेल असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. सही घेताना डॉक्टर म्हणाले, "अभी अंगूठा. आगे लाली बताएगी." पुढच्या दोन सकाळी मी चादर वर करण्याआधी दाराशी थांबले. तिसऱ्या सकाळी लाली पोटरीच्या रेघेखाली होती. मग घोट्याखाली. पाय राहिला.

घरी आल्यावर तक्ता मी स्वतः काढला. इन्सुलिन बाबा स्वतः घेतात, आकडा स्वतः वहीत लिहितात, मला दाखवायचा की नाही ते ठरवतात. पंडरीच्या बाजारातून पांढरे मोजे आणले. जखम झाली तर पांढऱ्यावर रक्त दिसतं, ही दीदींची शिकवण. ठेकेदाराने निरोप पाठवला, कामावर घ्यायचं ते ठीक झाले की बघू. त्या 'बघू'ला मी सोडणार नाही. पण पहिलं पत्रक मागे घेणारं पत्रक आधी काढलं, त्यात माझी चूक माझ्या नावाने लिहिली. बाबांचं नाव घालू का, हे त्यांना विचारलं. ते नको म्हणाले. नाही घातलं.

दीदींनी एक धागा दिला आहे. महिन्यातून एकदा बाबा दिवेलागणीला खाटेवर बसतात, धड राहिलेला डावा पाय माझ्या मांडीवर ठेवतात आणि डोळे मिटतात. मी दहा ठिकाणी टेकवते. मागच्या महिन्यात दोन जागा मुक्या होत्या.

काल टाचेवर म्हणाले, "हव." करंगळीखाली, "हव." मी धागा हवेत धरून थांबले. ते काही बोलले नाहीत. मग अंगठ्याखाली टेकवला, धागा वाकेपर्यंत.

बराच वेळ गेला.

"टेकवला असशील तू," बाबा म्हणाले. "पण मले नाही लागून राहिलं."

ही तिसरी जागा. मी त्यांचा पाय तसाच धरून ठेवला. तीन वर्षांत त्यांनी मला स्वतःहून सांगितलेली ही पहिली वाईट बातमी होती.

"लिहून घे," ते म्हणाले. "उद्या दीदीले दाखवू."