पोपटरावांचा जोड

पोपटराव सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या संस्थानी गावचे. तिथल्या राजवाड्याचा गिलावा त्यांच्या पणज्याने चुन्यात केला होता. पुढे संस्थान गेलं, राजे मुंबईला गेले, राजवाड्याचं मंगल कार्यालय झालं आणि कुणा शहाण्याने दरबाराच्या भिंतींना गुलाबी ऑइलपेंट फासला. चुन्याचं काम कुणी मागेना. पोपटराव कतारला आले आणि दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या ऑफिसांत जिप्सम बोर्ड ठोकत राहिले. त्या कामाचा त्यांना मनस्वी कंटाळा होता.

वर्ल्ड कप जवळ आला तसं पाहुण्यांना दाखवायला काहीतरी जुनं हवं झालं. दोह्याबाहेर एका जुन्या शेखाचा महाल पडून होता. वारस केव्हाच एसी बंगल्यांत गेले होते, बैठकीत शेळ्या बसत. डागडुजीला चुन्याचा माणूस हवा होता, म्हणून पुण्याच्या इंजिनिअर गिरीशनी पोपटरावांना आणलं. पहिली भिंत कन्सल्टंटने पास केली तर इथेच, नाहीतर परत बोर्डावर.

सुट्टीवर जाताना गिरीश सांगून गेले होते, "भिंतीतलं भगदाड भरा, पण नवा भाग जरा आत राहू दे." साहेबांना आपल्या हाताचा भरवसा नाही, असं पोपटरावांना वाटलं. त्यांनी असा काही चुना घोटला की गिरीश परतले ते भिंतीकडे बघतच राहिले.

"पोपटराव, नवीन कुठे आहे?"

"गावंना न्हवं?" पोपटराव खूश.

"अहो, रिपेअर दिसायलाच हवं. जुनं कुठलं ते लोकांना कळायला नको? कन्सल्टंट पास करणार नाही. काढा."

"जोड दिसला तर आमच्यात तोंडात शेण घालत्यात, साहेब."

पण करतात काय? जुन्या फोटोवरून भगदाडाच्या कडेची खडूची रेघ मारली आणि पोपटरावांनी छिन्नी लावली. चुन्याने पक्कं धरलं होतं. नव्याबरोबर शेखाच्या काळचा गिलावाही हातभर सुटला आणि कोरलेल्या वेलीसकट खाली आला. जे जपायला आलो तेच आपल्या हाताने मोडलं, याचं पोपटरावांना फार वाईट वाटलं. ते सगळ्यांदेखत रडले.

गिरीश माणूस भला. म्हणाले, "होतं असं. पुन्हा भरू, बोटभर आत. तुम्हीच भरा. कन्सल्टंटशी मी बोलतो, तुम्ही इथेच राहाल."

पोपटरावांनी थापी पुसली.

"नगं साहेब. मला बोर्डावरच टाका. तिथं जोडावर पट्टी मारायची, वरनं रंग, खलास. कुणी इचारत न्हाई."