साक्षीदार म्हणून सही

"उठ. बाहेर जा, आणि फळ्यावर काय लिहिलंय ते वाचून ये."

पतपेढीचा मॅनेजर माझ्या नवऱ्याला सांगत होता. आम्ही घरासाठी कर्ज मागायला गेलो होतो. अर्ज दोघांच्या नावाचा होता. तो त्याने उघडलाही नव्हता. मी शाळेत शिक्षिका, म्हणून मला तो "बाई" म्हणत होता. नवऱ्याला मात्र अरे-तुरे.

नवरा गेला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. दाराबाहेरच्या फळ्यासमोर उभा राहून एकेक अक्षर लावत होता, ते मला आतून दिसत होतं. परत आला.

"काय लिहिलंय?"

"माझं नाव."

"आणि त्याच्यापुढे?"

"थक... बाकीदार."

पैसे भरायला आलेली माणसं हसली. कॅशियर हसला. मॅनेजर माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा बाई. तुमचा पगार चांगला आहे, पण नवऱ्याची पत ही अशी. आणि बाईची पत म्हणजे शेवटी नवऱ्याचीच पत."

खरं सांगते, मला पहिला राग नवऱ्याचा आला. मॅनेजरचा नाही, हसणाऱ्यांचाही नाही. हा असा खाली मान घालून का उभा राहतो, याचा. दुसरा राग स्वतःचा आला. वर्गात चुकलेल्या मुलाला मीही असंच सगळ्यांपुढे उभं करून वाचायला लावत होते. त्या दिवसानंतर कधी लावलं नाही.

ही पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. रत्नागिरीत भाट्याच्या वाटेवर आम्ही एक घर बघितलं होतं. जांभ्याच्या चिऱ्याच्या दोन खोल्या, वर कौलं, पुढे पडवी. घरमालकीण म्हातारी मुंबईला मुलाकडे निघाली होती. विसार देऊन झाला होता. महिनाअखेर बाकी पैसे दिले नाहीत, तर घरही जाणार होतं आणि विसारही.

घर दोघांच्या नावावर घ्यायचं, हा हट्ट माझा होता. नवऱ्याचं गाव पालीच्या पुढे, आत. तिथली सगळी जमीन एका शेठची. त्याच्या आज्याने बांधलेलं खोपटं शेठच्या जागेत. बापाने लावलेला फणस शेठच्या जागेत. माझी सासू गेली तेव्हा तिला जाळायलासुद्धा शेठला विचारावं लागलं होतं. त्या घराण्यात कुणाचं नाव कधी कागदावर चढलं नव्हतं. ते एकदा चढलेलं मला बघायचं होतं.

आणि चढलं ते या फळ्यावर.

कसं चढलं, तेही सांगते. नवरा त्याच शेठचा टेंपो चालवायचा. आंब्याच्या पेट्या, खत, चिरे, पडेल ते. शेठच्या पडवीत वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असे. नवऱ्याने तो काढायचा, चहा प्यायचा, विसळून परत खोचायचा. शेठकडे नुकताच रंगीत टीव्ही आला होता, पण कप तोच राहिला. एक दिवस शेठने त्याला गाडीत घालून पतपेढीत नेलं आणि एका कागदावर सही करायला सांगितली. त्यांच्या मुलाला मासेमारीसाठी लाँच घ्यायची होती. मुलाने लाँच घेतली. एकही हप्ता भरला नाही. शेठ या पतपेढीचे संचालक. मग मुलाचं नाव फळ्यावर कोण लिहिणार? जामीनदाराचं लिहिलं.

नोटीस आली तेव्हा मी नवऱ्याला विचारलं होतं, "जामीन का राहिलात?"

"जामीन नाय गो. शेठनी सांगितलानी, साक्षीदार म्हणून सही कर. मी केली."

त्याला वाटलं, साक्षीदार म्हणजे ज्याने बघितलं तो. शेठच्या मुलाने पैसे घेतले, हे त्याने बघितलंच होतं. बघितलं म्हणून सही केली. यात त्याचं काय चुकलं?

तर त्या दिवशी आमचा आवाज ऐकून शेठ आतल्या खोलीतून बाहेर आले. माझ्याकडे बघून हसले.

"काय गो, सित्याची बायको ना तू? घर घेतेस? बरं केलंस."

मॅनेजर उभा राहिला. माझा नवरा उभाच होता.

"शिकलेली आहेस, तुला सांगतो," शेठ म्हणाले. "याचं नाव काढून टाक. घर तुझ्या एकटीच्या नावावर कर. जामीन मी राहतो. आज अर्ज दे, आठवड्यात पैसे घे."

ज्याच्या पोरामुळे माझ्या नवऱ्याची पत गेली, तोच मला पत द्यायला निघाला होता. वर उपकार. मला हे तेव्हाच कळलं होतं. तरी डोळ्यांसमोर ती पडवी होती. संपत आलेला महिना होता. मी नवऱ्याकडे बघितलं.

"कर सही," तो म्हणाला. "माझं नाव नको."

मॅनेजरने नवा फॉर्म काढला. मी पेन हातात घेतलं. होय, घेतलं. लपवून काय करू? माझं नाव अर्धं लिहूनही झालं होतं. तेवढ्यात मॅनेजर नवऱ्याला म्हणाला, "तू इथे खाली सही कर. साक्षीदार म्हणून."

नवऱ्याने कागद बघितला. मग शेठकडे बघितलं. आणि अगदी हळू विचारलं, "साक्षीदारच ना?"

सगळे हसले. शेठ सगळ्यात मोठ्याने हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

म्हणजे यांना माहीत होतं. तो कशावर सही करतोय हे लाँचच्या कर्जाच्या वेळी इथल्या प्रत्येकाला माहीत होतं, फक्त सही करणाऱ्याला नव्हतं. मी फॉर्म फाडला. नवऱ्याला म्हटलं, "चला." दाराबाहेर फळ्यापाशी थांबले. शाळेत खडू मोजून मिळत, म्हणून उरलेला तुकडा नेहमी पर्समध्ये असे. तो काढला आणि नवऱ्याच्या नावाच्या वर, मोठ्या अक्षरात, शेठच्या मुलाचं नाव आडनावासकट लिहिलं. पुढे लिहिलं: मूळ कर्जदार.

शेठ ओरडले, "ए! कुणाच्या फळ्याला हात लावतेस?"

मी म्हटलं, "फळ्यावर चुकीचं लिहिलं असेल तर बरोबर करायचं, याचाच मला पगार मिळतो."

घर गेलं. विसार गेला. नवऱ्याचं टेंपोवरचं काम गेलं. सासरचे म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर केलंस. नवरा पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. फळाही दुसऱ्या दिवशी पुसला गेला, आणि नवऱ्याचं नाव परत लिहिलं, एकट्याचं.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर मी पतपेढीत गेले आणि वरचं नाव परत लिहिलं. त्यांनी पुसलं. पुढच्या शनिवारी परत लिहिलं. मुख्याध्यापकांकडे तक्रार गेली. मी सांगितलं, खोटं लिहिलं असेल तर मला नोकरीवरून काढा. कुणी काढलं नाही. मनाशी ठरवलं, घर होईल तेव्हा दोघांच्या नावाने होईल. शेठची सही असलेल्या कागदावरचं घर मला फुकट दिलं तरी नको. तोवर भाड्याची खोली आहे.

चौथ्या शनिवारी नवरा शाळेच्या फाटकाशी उभा होता. माझ्याबरोबर चालत आला. फळ्यापाशी हात पुढे करून म्हणाला, "दे खडू."

त्याने शेठच्या मुलाचं नाव लिहिलं. वेळ लागला. आतली माणसं दारात येऊन उभी राहिली. तो थांबला नाही. वेलांटी चुकली होती, ती पुसून नीट केली. मग आपल्या नावापुढचा 'थकबाकीदार' तळहाताने पुसला, तिथे 'साक्षीदार' लिहिलं, आणि खाली सही केली.