ओलीत वाळणारं रोगण

फांग यूचांग साहेब बाराव्या वर्षी चीनमधल्या मावेई बंदराच्या नौदल शाळेत गेले आणि पुढे सरकारी खर्चाने विलायतेला. जहाजं बांधायला शिकून आले असते तर ठीक होतं. हा गृहस्थ परतला तो विमानाचं खूळ घेऊन. पाण्यावरून उडायचं आणि पाण्यावरच उतरायचं असं विमान. गोदीतल्या एका रिकाम्या छपराखाली आम्ही नदीवरच्या होड्या बांधणारे पंधरा सुतार त्यांच्या हाताखाली आलो. माणूस हुशार, कामाला वाघ, पण स्वतःची चूक कबूल करणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

विमानाला चाकांऐवजी दोन बंद होड्या होत्या. त्यांत पाणी शिरलं तर विमान उतरताना बुडणार. युद्धामुळे परदेशी रोगण येईना, म्हणून फूचौ शहरातून पान आजोबांना आणलं. झाडाच्या चिकाचं काळं रोगण लावण्यात त्यांच्या चार पिढ्या गेल्या होत्या. आजोबांनी पहिला हात दिला, होड्या बंद खोलीत ठेवल्या आणि भोवती ओली पोती टांगली.

साहेब आले ते भडकूनच. "रोगण वाळवायचंय की लाकूड कुजवायचंय?"

"साहेब, हे ओलीतच वाळतं."

साहेबांचा चेहरा बघून आम्ही फिसकन हसलो आणि तिथंच घात झाला. दमट हवेशिवाय तो चीक घट्ट होत नाही, आजोबा खरं बोलतायत हे आम्हाला ठाऊक होतं. साहेबांना वाटलं, सगळे मिळून टिंगल करतायत. त्यांनी आजोबांना तडक घरी पाठवलं. आमच्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

मग खोलीत कोळशाच्या शेगड्या पेटल्या. आठ दिवस झाले तरी रोगण चिकटच. साहेबांनी तळहात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी तोंड भोपळ्याएवढं सुजलं. नवख्याला तो चीक बाधतोच. बारा दिवसांवर नौदलाचे मोठे अधिकारी येणार होते. विमान उडालं नाही तर छपराला कुलूप, हे आधीच सांगून ठेवलेलं.

साहेब सुजल्या डोळ्यांनी मला घेऊन होडीने शहरात गेले. आजोबा भाताची पेज पीत बसले होते.

"काय हो साहेब, विलायतेत पाऊस पडत नाही वाटतं?"

"पडतो. माझंच चुकलं, आजोबा."

आजोबांनी वाडगा बाजूला ठेवला. "सगळं खरवडावं लागेल. पाच हात द्यायचे होते, आता तीनच होतील. विमानात बसणार कोण?"

"वैमानिक. आणि मागे मी."

"मग येतो. पण पोती तुम्ही भिजवायची."

साहेबांनी सकाळ-संध्याकाळ बादल्या वाहून पोती भिजवली. चौथ्या दिवशी आजोबा म्हणाले, "हाताला वळण लागतंय हं." साहेब चक्क हसले.

उड्डाणाच्या सकाळी आजोबांनी त्यांना बदकाची अंडी घातलेल्या शेवया खायला लावल्या. आमच्याकडे प्रवासाला निघणाऱ्याला उपाशी सोडत नाहीत. विमान उठलं, नदीवरून दोन फेऱ्या मारल्या आणि उतरलं. मी होड्यांकडेच बघत होतो. साहेबांनी झाकण काढून आत हात घातला. कोरडा.

खूश झालेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "रोगण कुठल्या देशाचं?"

"आपलंच. या पान आजोबांचं. मी ते आठ दिवस बिघडवत बसलो होतो."

अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. सरकारने पैसा ओतून शिकवलेल्या माणसाने असं चारचौघांत बोलायचं? त्या वर्षीच्या बढतीच्या यादीत फांग साहेबांचं नाव नव्हतं.

"येडाच आहे," आजोबा मला म्हणाले. "गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

दुसऱ्या दिवशी मात्र ते आपली चिकाची भांडी घेऊन आले. चिकात काय आणि किती मिसळायचं हे त्यांनी सख्ख्या जावयालाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी साहेबांना खोलीत नेलं, मला बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.