सावडीचा डबा

“अंग उचलत नसंल त्या दिवशी लाजू नका, मागून घ्या, आपल्यात सावड हाय.”

नंदाबाई हे पहिल्याच बैठकीत बोलली होती. लोणावळ्यात बाजारामागच्या वाचनालयाची तळातली खोली. दुखऱ्या गुडघ्यांना जिना नको म्हणून तीच मागून घेतलेली. महिन्यातून एकदा तिथं ल्युपस झालेल्या बायका जमायच्या. डॉक्टर नाही, फळा नाही. शिकवायला नंदाबाई, तिकोणा पेठ गावची, त्याच आजाराची.

तिच्या गालांवर लाल चट्टा उमटला तेव्हा पेठेतल्या बायका म्हणाल्या होत्या, नंदा ह्या वयात लाली लावाया लागली. मग सांधे धरले, केस हातात यायला लागले. आपलंच अंग आपल्याला परकं समजून चावायला उठतं, हे तिला फार उशिरा कुणीतरी सांगितलं. त्यानंतर जे कळत गेलं ते तिनं जपून ठेवलं. ऊन अंगावर घ्यायचं नाही, आभाळ आलं तरी छत्री सोडायची नाही. सकाळी आखडलेली बोटं कोमट पाण्यात सोडवायची. पाय सुजले तर वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. आणि गोळी. “गोळी म्हंजी खाचराचा बांध,” ती सांगायची. “एकदम फोडला तर रोप बी जातं, माती बी जाती. डॉक्टर सांगंल तसाच उतरवायचा.” हे मात्र सगळ्यांना एका दमात कळायचं.

सावडही कळली. आवणीला, भाताची रोपं लावताना, आज तुझ्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तू, तशीच ही. एकीचे हात आखडले की दुसरी तिच्या भाकरी थापून यायची. आंदर मावळातल्या ठाकरवाडीवर, बैठकीला येणाऱ्या उज्ज्वलाचं पाणी शेजारणीनं भरलं, कारण उज्ज्वलानं तसं मागायला शिकून घेतलं होतं.

मग एका आषाढात दरड आली, एसटी बंद झाली, उज्ज्वलाच्या गोळ्या संपल्या. दोघींची गोळी एकच. नंदाबाईनं आपल्यातली एक पट्टी दुधाच्या गाडीबरोबर वर धाडली. पुढच्या बैठकीला सवितानं, कामशेतहून येणाऱ्या तोंडाळ बाईनं, घरचा स्टीलचा डबा आणला. जास्तीच्या पट्ट्या त्यात टाकायच्या, कमी पडेल तिनं घ्यायच्या. नंदाबाईला तेव्हा बरं वाटलं होतं. दवाखान्याला जमलं नाही ते आपल्याला जमलं, असंही मनात येऊन गेलं.

पण सावड फेडावी लागते. मावळातली बाई दुसऱ्याची सावड अंगावर ठेवून झोपत नाही. नंदाबाईचं सारं आयुष्य खाचरात गेलेलं, आणि नेमकं हेच तिच्या ध्यानात आलं नाही. उज्ज्वला नवी औषधं मिळाली की आधी डब्यात पट्टी टाकायची. मग पुरवायला म्हणून आपली गोळी निम्मी करून खायची. पाय सुजले तेव्हा तिला वाटलं, चिखलानं असतील. दिवाळीच्या तोंडावर तिला पुण्याला हलवलं तेव्हा दुखणं मूत्रपिंडांवर आलं होतं. नंदाबाई भेटायला गेली. उज्ज्वलाचा नवरा शिदू खाटेशी उभा होता. अभिमानानंच म्हणाला, “मावशे, ती तुमची सावड फेडून आलीया बरं का.”

घरी येईपर्यंत नंदाबाईला ते वाक्य सोडेना.

आज उज्ज्वला पुन्हा बैठकीला आली होती. औषधांनी चेहरा गोल झालेला.

“भाकर फुगल्यावानी झालंय बगा तोंड,” ती म्हणाली.

“आमची बी फुगल्ती,” सविता म्हणाली. “तव्यावरनं उतरली की बसती खाली.”

बायका हसल्या. नंदाबाई हसली नाही.

“आजपासनं डबा बंद,” ती म्हणाली. “जिची गोळी तिनंच खायाची. संपायच्या आधी आठ दिस मला सांगा, दवाखान्यातनं आणू.”

“आन दरड काय आठ दिस आधी सांगून येती?” सविता म्हणाली. “पयली पट्टी तुमीच धाडली व्हती.”

“व्हय.”

“मंग ती चूक व्हती?”

त्या आषाढात पट्टी गेली नसती तर उज्ज्वला तेव्हाच गेली असती. पट्टी गेली, म्हणूनच ती फेडता फेडता उज्ज्वला आता मरणाच्या दारात जाऊन आली. दोन्ही खरं होतं, आणि त्या दोहोंच्या मध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

“दिली ती न्हाई,” नंदाबाई म्हणाली. “परत घेतली ती चूक.”

“मावशी, असं वंगाळ बोलू नका,” उज्ज्वला म्हणाली. “फुकटची खाणारी हाय का मी?” तिनं पिशवीतून नवी पट्टी काढली. “दवाखान्यात व्हते, तवा डब्यात टाकायची माजी ऱ्हायली व्हती.”

सवितानं तिच्यासाठी डब्याचं झाकण उघडून धरलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पट्टी आत पडली.

नंदाबाईची नजर खाली गेली. उज्ज्वलाच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल रुतलेला होता. सूज अजून होतीच.

तिनं डब्यातून ती पट्टी काढली, उज्ज्वलाच्या पिशवीत घातली आणि चेन ओढली. उज्ज्वलाचे डोळे भरून आले. देऊ केलेली सावड घेतली नाही, ह्याहून मोठा अपमान तिला माहीत नव्हता.

“अवो, डबा माजा हाय,” सविता म्हणाली. “मावशी, मला कमी पडली तर मी कुणाच्या तोंडाकडं बगू?”

नंदाबाईनं झाकण दाबून लावलं. डबा काखेत मारला, दारामागची छत्री घेतली, उंबऱ्यातच उघडली आणि उन्हात निघून गेली.